बुटात गाजर कोणासाठी? (तुमचे प्रश्न, आमची उत्तरं)

डिसेंबरचा अंक तयार व्हायच्या आधीच तुमचे प्रश्न येऊन पडले होते आणि जवळजवळ सगळे एकाच विषयावर, सांता, त्याच्या भेटी, आणि जगभरातल्या मोठ्या दुकानांत मुलांसाठी जे काय काय उभं करतात ते. सारखे प्रश्न एकत्र केलेत, लांबलचक पत्रं जरा कापलीत, राग मानू नका.

प्रश्न : ताई, माझ्या सहा वर्षांच्या मुलाने एका व्हिडिओत पाहिलं की मुलं रात्री बुटात गाजर ठेवून झोपतात. गाजर कशाला? आणि मोज्यात भेटवस्तू ही काय भानगड आहे? घरात रोज हाच विषय चाललाय, उत्तर द्याच.

गाजर घोड्यासाठी! तुमच्या मुलाने जे पाहिलं ते बहुतेक नेदरलँड्समधलं असणार. तिथे सिंटरक्लास येतो, तो आपल्या ओळखीच्या सांताचा थोरला भाऊच म्हणा, पण गुबगुबीत नाही, हरणं नाहीत, उंच टोपी आणि लांब लाल झगा घातलेला बिशप, पांढऱ्या घोड्यावर बसून घरांच्या छपरांवरून फिरणारा. नोव्हेंबरच्या मध्यावर तो स्पेनहून बोटीने येतो अशी समजूत आहे, आणि दरवर्षी वेगळ्या गावात त्याचं वाजतगाजत स्वागत होतं, टीव्हीवर लाइव्ह दाखवतात. मग ५ डिसेंबरपर्यंत अधूनमधून मुलं झोपताना बूट ठेवतात, त्यात घोड्यासाठी गाजर किंवा मूठभर गवत, आणि सकाळी गाजर गायब आणि त्याजागी काहीतरी खाऊ, पुष्कळदा आपल्या नावाच्या पहिल्या अक्षराचं चॉकलेट. (त्याच्यासोबतचे मदतनीस पूर्वी चेहरा काळा रंगवून असायचे, त्यावर तिथे खूप आंदोलनं झाली आणि आता बऱ्याच ठिकाणी चिमणीतून (म्हणजे घराच्या धुराड्यातून) उतरताना लागावी तशी नुसती काजळी गालाला लावतात. हा बदल व्हायलाच हवा होता असं माझं स्पष्ट मत.)

मोज्याची गोष्ट याहून जुनी. सिंटरक्लास हे नाव ज्यांच्यावरून आलं ते संत निकोलस हे चौथ्या शतकातले बिशप, मायरा गावचे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं देम्रे. एका माणसाला तीन मुली, घरात दमडी नाही, हुंड्याशिवाय लग्नं होईनात, आणि पुढे मुलींचं काय होईल या काळजीने बाप खचलेला. निकोलस रात्री गुपचूप आले आणि खिडकीतून सोन्याची पिशवी आत टाकून गेले, एकदा, मग दुसऱ्या मुलीसाठी पुन्हा, मग तिसऱ्यांदा. पुढे ही गोष्ट सांगता सांगता कोणीतरी खिडकीच्या जागी चिमणी आणली आणि ती पिशवी शेकोटीपाशी वाळत घातलेल्या मोज्यात पडली. म्हणून मोजे! मुलाला ही गोष्ट सांगाल तेव्हा रात्र आणि गुपचूप हे दोन शब्द सोडू नका, सगळी मजा त्यातच आहे. देणाऱ्याला ओळख लपवायची होती, कारण घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये.

प्रश्न : सांताला लाल कपडे एका कोल्ड्रिंक कंपनीने घातले हे खरं का? ऑफिसमध्ये पैज लागली आहे.

खरं नाही, लाल कपडे त्या जाहिरातींच्या आधीपासून होते, पैज हरलात की जिंकलात ते तुम्ही बघा. थॉमस नास्ट नावाचा चित्रकार १८६३ पासून अमेरिकेतल्या हार्पर्स वीकली या साप्ताहिकात सांता काढत होता आणि १८८१ चं त्याचं चित्र बघाल तर दाढी, पोट, पाईप, खेळणी सगळं आहे. कोका-कोलाच्या जाहिराती हॅडन संडब्लॉमने १९३१ पासून रंगवल्या, त्यामुळे तो एक चेहरा जगभर पक्का झाला हे मात्र खरं.

प्रश्न : माझी मुलगी विचारते, भेटी द्यायला नेहमी म्हातारा आजोबाच का येतो, आजी का नाही येत? मला उत्तर देता आलं नाही. आठ वर्षांची आहे, सोडणार नाही.

तिला सांगा, आजी येते! इटलीत. तिचं नाव बेफाना, पाठीत वाकलेली, डोक्याला रुमाल, शाल फाटकी, बूट झिजलेले, आणि झाडूवर बसून येते, ५ जानेवारीच्या रात्री. गोष्ट अशी की बाळ येशूला शोधत निघालेले तीन ज्ञानी पुरुष तिच्या दारात आले, रस्ता विचारला आणि म्हणाले तूही चल. ती म्हणाली, नको बाई, घरातली कामं पडलीत, झाडलोट व्हायची आहे. ते गेले, आणि मग हिला चुटपुट लागली, टोपलीत खाऊ भरून धावत निघाली पण ते काही सापडले नाहीत. तेव्हापासून ती प्रत्येक घरात डोकावते, न जाणो तेच बाळ इथे असेल, आणि मूल दिसलं की त्याच्या मोज्यात काहीतरी ठेवून जाते. खोडकर मुलांना कोळसा, पण तो साखरेचा काळा खडा असतो, चक्क खायचा, दुकानात मिळतो, आणि बऱ्याच मुलांना तोच हवा असतो. घरचे लोक तिच्यासाठी थोडं खायला आणि वाइनचा ग्लास ठेवतात. मला स्वतःला सगळ्या देणाऱ्यांमध्ये ही सगळ्यात जवळची वाटते, कारण ती देते ते काही तुम्ही चांगले वागलात म्हणून नाही, ती कोणालातरी शोधतेय म्हणून.

रशियात आजोबाच आहे, देद मरोज, पण सोबत नात असते, स्नेगुरोच्का, बर्फाची मुलगी, आणि ते नाताळला नाही तर नव्या वर्षाच्या रात्री येतात. सोव्हिएत काळात आधी या सणाच्या झाडावरच गंडांतर आलं होतं, मग १९३५ ला ते नवीन वर्षाचं झाड म्हणून परत आणलं आणि आजोबा-नात त्याच्यासोबत पक्के झाले.

आणि आइसलँडची आई ऐकाल तर मुलगी खूश होईल की घाबरेल सांगता येत नाही. ग्रिला म्हणून राक्षसीण आहे, डोंगरात राहते, तिचे तेरा मुलगे. १२ डिसेंबरपासून रोज रात्री एक एक खाली उतरतो, मुलं खिडकीच्या कट्ट्यावर बूट ठेवतात, चांगलं वागलं तर छोटी भेट, नाही तर बटाटा. आणि एकेकाची खोड काय सांगू, एक चमचे चाटतो, एक दारं आपटतो, एक खिडकीतून डोकावतो, आणि शेवटचा, २४ तारखेचा, मुलांच्या मेणबत्त्या पळवतो, पूर्वी मेणबत्ती चरबीची असायची, खाता यायची. घरात एक मांजरही आहे, ज्याला सणाला नवीन कपडा मिळाला नाही त्याला खाणारं! हे सगळं इतकं भीतिदायक सांगायचे की १७४६ मध्ये हुकूम निघाला होता, मुलांना असल्या गोष्टींनी घाबरवू नका म्हणून. आजचे तेरा भाऊ त्यामानाने फार मवाळ झालेत.

स्पेनमधल्या कॅटलोनियात तर माणूसच नाही, लाकडाचा ओंडका आहे. त्याला पुढे दोन पाय लावतात, हसरा चेहरा काढतात, लाल टोपी घालतात, थंडी वाजू नये म्हणून अंगावर पांघरूण, आणि ८ डिसेंबरपासून रोज रात्री मुलं त्याला जेवायला घालतात. सणाच्या संध्याकाळी काठ्यांनी बडवत गाणं म्हणतात, आणि पांघरूण काढलं की खाली भेटी, म्हणजे ओंडक्याने शी केली! तुमच्या आठ वर्षांच्या मुलीला सगळ्यात जास्त हेच लक्षात राहील, त्याला इलाज नाही.

तिला एक गोष्ट मात्र दाखवून द्या. घोड्याला गाजर, ओंडक्याला जेवण, बेफानाला वाइन, स्पेनमध्ये ५ जानेवारीच्या रात्री तीन राजे (बेफानाच्या गोष्टीतले तेच ज्ञानी पुरुष) येतात तेव्हा त्यांच्या उंटांना पाणी. बहुतेक ठिकाणी मूल आधी काहीतरी देतं आणि मग त्याला मिळतं.

प्रश्न : दुकानांमध्ये सांता बसवायची कल्पना पहिल्यांदा कोणाला सुचली? माझं स्वतःचं खेळण्यांचं दुकान आहे त्यामुळे उत्सुकता.

पहिला कोण यावर भांडणं आहेत आणि ती मिटणारी नाहीत, पण धागा असा लागतो. १८४१ ला फिलाडेल्फियात पार्किन्सन नावाच्या मिठाईवाल्याने एका माणसाला वेष घालून दुकानाच्या चिमणीवर चढवलं असं सांगतात, म्हणजे मुलं खाली रस्त्यावर आणि हा वर. मग १८७९ ला लिव्हरपूलमध्ये लुइसच्या बॉन मार्शे दुकानाने मुलांसाठी 'ख्रिसमस फेअरीलँड' उभं केलं, आत चालत जायचं आणि दोन्ही बाजूंना देखावे. १८८८ ला पूर्व लंडनच्या स्ट्रॅटफर्डमधल्या एका दुकानात अशाच गुहेत प्रत्यक्ष सांता बसवला. ऑस्ट्रेलियात ॲडलेडला जॉन मार्टिन्स या दुकानाने १८९६ ला 'मॅजिक केव्ह' काढली.

पण मला विचाराल तर खरी गोष्ट १८९० ची, मॅसॅच्युसेट्समधलं ब्रॉकटन गाव, जेम्स एडगर नावाचा स्कॉटलंडहून आलेला कापडदुकानदार. चांगला दाढीवाला, अंगाने भरलेला, हसरा माणूस. याने बोस्टनच्या शिंप्याकडून सांताचा पोशाख शिवून घेतला आणि स्वतःच्याच दुकानात घालून फिरायला लागला, मुलांशी बोलायचा, काय हवंय विचारायचा. बातमी अशी पसरली की बोस्टनहून आणि प्रॉव्हिडन्सहून आईबाप मुलांना घेऊन ट्रेनने यायला लागले, दुकानाबाहेर रांगा. पुढच्या काही वर्षांत मोठी मोठी दुकानं तेच करायला लागली.

यात केवढा बदल झाला बघा. त्याआधी देणारा सहसा दिसायचा नाही, तो रात्री यायचा, तुम्ही झोपलेले, दिसायची ती सकाळची खूण. दुकानाने त्याला दिवसाउजेडी खुर्चीत बसवला, आता त्याच्याशी बोलता येतं, दाढीला हात लावता येतो, यादी देता येते. मुलांना हे प्रचंड आवडलं आणि का नाही आवडणार, पण गाजर द्यायचं राहिलं आणि मागायचं तेवढं उरलं. तुमच्या दुकानात कधी असं काही कराल तर मुलांना काहीतरी द्यायला लावा, एखादं चित्र, एखादं जुनं खेळणं दुसऱ्या मुलासाठी, काहीही. फार फरक पडतो.

आणि माणूस नीट शिकवून घ्या! यासाठी शाळाच आहे, १९३७ ला न्यूयॉर्क राज्यातल्या अल्बियन गावात चार्ल्स हॉवर्ड याने सुरू केली आणि ती अजून चालू आहे, आता मिशिगनमधल्या मिडलंडमध्ये. चांगल्या सांताचा एक नियम असा की मुलाला कधीच 'नक्की आणतो' म्हणायचं नाही, 'बघू काय जमतं ते' म्हणायचं, कारण मागे उभ्या असलेल्या आईच्या पर्समध्ये काय आहे ते त्याला माहीत नसतं. पांढरे हातमोजेही नुसते शोभेला नसतात, फोटोत त्याचे दोन्ही हात कुठे आहेत ते स्पष्ट दिसावं म्हणून असतात.

प्रश्न : हे सगळं शेवटी माल खपवायचंच ना? देखावे, परेड, सांता. मुलांना यात ओढायला मला पटत नाही. तुम्ही कौतुक करता याचं आश्चर्य वाटतं.

दुकान आहे म्हणजे माल खपवणारच, ते कोणी नाकारत नाही. पण सगळं एका मापाने मोजू नका. न्यूयॉर्कला मेसीज या मोठ्या दुकानाने १८७४ मध्ये बाहुल्यांचा देखावा काचेच्या खिडकीत मांडला, तेव्हापासून हिवाळ्यातल्या खिडक्या बघायला लोक गर्दी करतात, आणि खिडकी बाहेरून बघायला कोणी तिकीट लावत नाही. १९३८ ला लॉर्ड अँड टेलरने तर खिडकीतला सगळा माल काढून टाकला आणि नुसत्या सोनेरी घंटा झुलत ठेवल्या, सोबत घंटानादाचं रेकॉर्डिंग. माद्रिदला एल कोर्ते इंग्लेस या दुकानाच्या बाहेरच्या भिंतीवर १९७९ पासून हलत्या-बोलत्या बाहुल्यांचा कार्यक्रम होतो, कोर्तीलांदिया त्याचं नाव, रस्त्यात उभं राहून बघायचं, मुलं बापाच्या खांद्यावर, आणि त्याचं गाणं तिथल्या आता आजोबा झालेल्या लोकांनाही पाठ आहे.

परेडचं तसंच. टोरोंटोत ईटन्स या दुकानाने १९०५ ला सांताला रेल्वे स्टेशनपासून दुकानापर्यंत चालत आणला, त्यातून पुढे केवढी मोठी मिरवणूक झाली, आणि १९८२ ला दुकानाने अंग काढून घेतलं तरी लोकांनी ती बंद पडू दिली नाही. मेसीजची १९२४ ला सुरू झाली, दुकानाचे कर्मचारीच नटूनथटून चालत होते आणि सेंट्रल पार्कच्या प्राणिसंग्रहालयातले प्राणी सोबत होते, १९२७ ला मोठे फुगे आले. पुढे काही वर्षं परेड संपली की फुगे आकाशात सोडून द्यायचे आणि ज्याला सापडेल त्याने परत आणून बक्षीस न्यायचं, मग १९३२ ला एका विमानाने फुगा पकडायचा प्रयत्न केला, थोडक्यात अपघात टळला आणि ती प्रथा तिथेच संपली. ॲडलेडची परेड १९३३ ची, मंदीच्या काळात लोकांचं मन रमावं म्हणून काढलेली, तिथे मार्गावर रस्त्याला निळी रेघ रंगवतात आणि लोक तिच्यामागे बसतात, मधे कठडे वगैरे नाही, नुसती रेघ, आणि मिरवणुकीची वाट बघत मुलं रस्त्यावर खडूने चित्रं काढत बसतात. जॉन मार्टिन्स हे दुकान कधीच बंद झालं. परेड अजून निघते.

आणि रुडॉल्फ, लाल नाकाचं हरीण, ते तर दुकानातूनच आलंय! १९३९, शिकागो, माँटगमेरी वॉर्ड ही कंपनी. ते दरवर्षी मुलांना फुकट वाटायला रंगवायची पुस्तकं विकत घ्यायचे, त्या वर्षी म्हणाले आपणच काहीतरी छापू, स्वस्त पडेल. काम दिलं रॉबर्ट मे या जाहिरात लिहिणाऱ्या कर्मचाऱ्याला. त्याची बायको कॅन्सरने आजारी, घरात चार वर्षांची मुलगी, आणि त्याच उन्हाळ्यात बायको गेली. साहेब म्हणाले राहू दे, दुसऱ्याला देतो, पण याने सोडलं नाही, पूर्ण केलं आणि मुलीला वाचून दाखवलं. लाल नाक म्हणजे दारुड्याचं नाक वाटेल अशी वरच्यांना शंका होती, म्हणून मे याचा चित्रकार मित्र प्राणिसंग्रहालयात जाऊन हरणांची रेखाटनं करून आला आणि ती बघून ते तयार झाले. पहिल्याच वर्षी २४ लाख प्रती फुकट वाटल्या गेल्या. आणि १९४७ ला कंपनीने रुडॉल्फचे हक्क मे यालाच देऊन टाकले.

तेव्हा माझा निकष साधा आहे. काही न घेता बाहेर पडलेलं मूल खूश आहे का? असेल तर जाऊ द्या त्याला. ते जर फक्त फोटोच्या काउंटरवर नेऊन सोडत असेल आणि तिथे पाकीट उघडल्याशिवाय पुढे जाता येत नसेल तर तुमचा आक्षेप शंभर टक्के बरोबर, जाऊ नका.

प्रश्न : दोन वर्षांची मुलगी सांताच्या मांडीवर बसवली की किंचाळून रडते. सासूबाई म्हणतात सवय होईल, बसवत राहा. काय करू?

बसवू नका. त्या वयात अनोळखी माणसाची भीती अगदी नॉर्मल आहे, आणि इथे तर अनोळखी माणूस, अर्धा चेहरा दाढीत, आवाज मोठा, अवतीभवती गोंगाट, आणि आपलीच आई आपल्याला त्याच्या हातात देऊन लांब जाते, फोटो काढायला. रडेल नाहीतर काय करेल. लांबून दाखवा, तिने हात हलवला तर पुष्कळ झालं, जवळ जायचं असेल तर तुमच्या कडेवर. अमेरिकेत बऱ्याच मॉलमध्ये दुकान उघडायच्या आधी एक शांत वेळ ठेवतात, संगीत बंद, दिवे मंद, रांग नाही, मुख्यतः ऑटिझम असलेल्या मुलांसाठी, आणि तिथे सांता स्वतः खाली जमिनीवर बसून मुलाच्या कलाने घेतो. सासूबाईंना म्हणावं, फोटो पुढच्या वर्षीही निघेल.

प्रश्न : "आई, खरं सांग, सांता असतो का?" या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं? मुलगा साडेसात वर्षांचा आहे.

हाच प्रश्न १८९७ मध्ये व्हर्जिनिया ओहॅन्लन नावाच्या आठ वर्षांच्या मुलीने न्यूयॉर्कच्या 'द सन' या पेपरला पत्र लिहून विचारला होता. उत्तर अग्रलेखातून आलं, खाली नाव नाही, हो, आहे, जसं प्रेम आणि औदार्य आहे तसा तो आहे, अशा अर्थाचं. लिहिणारा फ्रान्सिस चर्च होता हे तो १९०६ ला गेल्यावरच लोकांना कळलं. उत्तर सुंदर आहे पण ते व्हर्जिनियासाठी होतं, तुमच्या मुलाला आधी उलट विचारा, तुला काय वाटतं? सात-आठच्या आसपास बहुतेक मुलं स्वतःच हिशोब लावत असतात, चिमणीतून कसा येईल, एका रात्रीत एवढी घरं कशी होतील. त्याला अजून मानायचं असेल तर ते त्याच्या उत्तरात दिसेल, मग चालू द्या. पण तो सरळ डोळ्यांत बघून 'खरं सांग' म्हणत असेल तर खरंच सांगा, माझं यावर दुमत नाही. आणि लगेच त्याला कामाला लावा, आता तू देणाऱ्यांपैकी झालास, धाकट्या बहिणीचा मोजा यंदा तू भरायचा, आणि तिला कळू द्यायचं नाही. निकोलसची गोष्ट सांगायला याहून चांगली वेळ नाही.

प्रश्न : सांताला पत्र पाठवलं तर खरंच उत्तर येतं का? कुठे पाठवायचं?

येतं. कॅनडाच्या टपाल खात्याने त्याला स्वतःचा पोस्टल कोडच दिलाय, एच शून्य एच, शून्य एच शून्य, म्हणजे हो हो हो, आणि तिथली पत्रं स्वयंसेवक वाचून उत्तर लिहितात. जर्मनीत हिमेलफोर्ट नावाच्या खेड्यातल्या पोस्टात १९८४ पासून हे चालतं, अमेरिकेत इंडियाना राज्यात तर सांता क्लॉज नावाचं गावच आहे आणि तिथे शंभराहून जास्त वर्षं मुलांना उत्तरं जातायत. फिनलंडला रोव्हानिएमीजवळ आर्क्टिक वर्तुळावर सांताचं पोस्ट ऑफिस आहे. पत्र नोव्हेंबरातच टाका, उशिरा टाकलेल्याला उत्तर सणाच्या आत मिळणं कठीण. आणि स्वतःचा पूर्ण पत्ता ठळक अक्षरात लिहा, मुलं यादी दोन पानं लिहितात आणि पत्ताच विसरतात.